कारभाराची रीत आणि रानातला बदल



गळीत हंगाम संपला, पट्टा पडला की गावोगावच्या पारावर एकच हिशेब चालतो. अमक्या कारखान्याने टनाला इतके दिले, तमक्याने तितके दिले, आपल्याला एवढेच का? मग कोणीतरी म्हणतो, "नदी तीच, रान तेच, बेणं तेच, मग फरक पडतो कशात?"

प्रश्न रास्त आहे. यंत्रे पैसे मोजले की मिळतात. खत सगळ्यांना सारखेच मिळते. पाऊस कोणाचा सगासोयरा नाही. तरीही शेजारी-शेजारी असलेल्या दोन संस्थांपैकी एक नवी गोष्ट चटकन उचलते आणि पचवते. दुसरी तीच गोष्ट मोठ्या थाटात आणते आणि दोन वर्षांत विसरून जाते. याची कारणे अनेक असतात, पण त्यातले एक मोठे कारण कारभाराच्या रीतीत असते. वरचा माणूस खालच्याला कसा वागवतो, विचारतो की नुसते सांगतो, वाईट बातमी ऐकून घेतो की आणणाऱ्यालाच झापतो, यावर संस्थेची चाल ठरते. आम्ही शेती खात्यातील मंडळी एरवी या पानावर लागण, खोडवा, पाचट, हुमणी यांविषयी लिहितो. यंदा या विषयाकडे वळलो, कारण नवे बेणे असो की नवी पद्धत, ती रानात रुजायची तर आधी कारभारात रुजावी लागते.

तीन रीती

या विषयावरचा एक जुना आणि गाजलेला प्रयोग अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाला. कुर्ट लेविन हे जर्मनीतून तिकडे गेलेले मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी तो केला आणि १९३९ साली प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छोटे गट केले. त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी हातकामे दिली आणि गटांवर तीन तऱ्हेचे म्होरके नेमले.

पहिला म्होरका हुकूम सोडणारा. काय करायचे, कोणी करायचे, कसे करायचे, सगळे तोच ठरवी. दुसरा विचारविनिमय करणारा. काम काय आहे ते समजावून सांगे, दोन-तीन मार्ग पुढे ठेवी आणि मुलांना ठरवू देई. पण स्वतः त्यांच्यात बसून हातभार लावी. तिसरा नुसता नावाचा. सामान पुढे टाकून बाजूला बसे, "करा तुम्हाला हवं तसं."

निष्कर्ष आपल्या लोकांना सहज पटेल असाच निघाला. तिसऱ्याच्या गटात काम थोडे आणि गोंधळ फार. आपल्याकडे याला बारभाईचा कारभार म्हणतात. हुकूम सोडणाऱ्याच्या गटात काम भरपूर निघाले, पण म्होरका खोलीबाहेर गेला की हात थांबत. विचारविनिमय करणाऱ्याच्या गटात मात्र म्होरका बाहेर गेला तरी मुले पूर्वीसारखीच काम करीत राहिली. त्या कामात त्यांचे स्वतःचे डोकेही अधिक दिसले.

या प्रयोगातली शिकण्याची गोष्ट म्हणजे म्होरका उठून गेल्यावर काय होते ती. साहेबांची जीप बांधावर असेपर्यंत बेणेप्रक्रिया होते आणि जीप वळली की कांड्या तशाच सरीत पडतात, हे चित्र शेती खात्यात काम केलेल्या कोणालाही नवे नाही. रान तर साहेब नसतानाच पिकत असते. म्हणून शेतीतल्या बदलाला नुसता हुकूम पुरा पडत नाही.

हुकूमही लागतो, पण कोठे?

याचा अर्थ हुकूम वाईटच असा कोणी घेऊ नये. कोल्हापूरच्या माणसाला तर हे सांगण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला जागा करून दिली. १९०७ साली भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. त्या काळी लोकांची सभा भरवून मते घेतली असती तर एवढ्या मोठ्या धरणाला किती हात वर झाले असते, याची शंकाच आहे. काही निर्णयांना दूरदृष्टीचा आणि अधिकाराचा माणूसच लागतो.

पण हेही पाहावे की महाराज १९२२ साली गेले तेव्हा धरण पुरे झालेले नव्हते. ते पूर्णत्वाला गेले स्वातंत्र्यानंतर. त्या पाण्यावर आज जो ऊस डोलतो, तो आणखी कितीतरी हातांनी उभा केला आहे. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि गावोगावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था यांनी ते पाणी शिवारात नेले. बंधारा बांधण्याचा हुकूम एकदाच काढता येतो. पावसाळा सरल्यावर बर्गे वेळेवर घालणे, पाण्याची पाळी सांभाळणे, मोटर जळली तर वर्गणी काढणे, ही कामे दरसालची आहेत. ती माणसे आपली म्हणून करतात तेव्हाच होतात. गाव करी ते राव न करी, असे उगाच म्हटलेले नाही.

कारखान्याच्या रोजच्या कामातही काही ठिकाणी कडक हातच हवा. वजनकाटा हे एक ठिकाण. तेथे चर्चेला वाव नाही. काटा सर्वांना सारखा. दुसरे ठिकाण तोडणी कार्यक्रम. लागणीच्या तारखेप्रमाणे आणि पक्वतेप्रमाणे तोड मिळाली पाहिजे. येथे कोणाच्या शब्दाखातर क्रम मोडला की नुकसान फक्त मागे राहिलेल्याचेच होते असे नाही.

ते कसे, हे हिशेबाने पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ धरली. म्हणजे उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला तर टनाला १७३ रुपयांचा फरक. एकरी ४० टन ऊस धरला तर एकराला ६,९२० रुपये. आता हा उतारा एकट्याच्या उसाचा धरत नाहीत, सगळ्या कारखान्याचा सरासरी धरतात. कोणी कच्चा ऊस वशिल्याने आधी घातला, कोणाचा तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला आणि त्यातली साखर उलटली, तर त्याचा भुर्दंड नियमाने वागणाऱ्या सभासदाच्याही बिलातून जातो. म्हणून या दोन ठिकाणी कारभारी खंबीर असावा, आणि खंबीर म्हणजे स्वतःच्या भाऊबंदालाही 'नाही' म्हणणारा असावा. नियम दुसऱ्याला आणि सवलत आपल्याला, असा कडकपणा काही कामाचा नाही.

मात्र नियम कडकपणे पाळणे आणि नियम कोणी ठरवायचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्रम कशावरून लावला हे गटातल्या सभासदांपुढे हंगामाआधीच उघड मांडलेले असले, तर तोच कडकपणा लोकांना जाच वाटत नाही.

प्रवरेची जोडी

सहकारी साखर कारखानदारीचा पायाच मुळी दोन वेगळ्या माणसांच्या मेळातून घातला गेला. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष आणि विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष.

विखे पाटील शेतकरी. शाळेचे शिक्षण बेताचे, पण गावोगाव पायपीट करून शेअर गोळा करणारे आणि माणूस ओळखणारे. गाडगीळ पुण्याचे विद्वान. हिशेब, कायदा आणि सरकारदरबार यांची जाण असलेले. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्याला गावातल्या कोणत्याच भाऊबंदकीशी देणेघेणे नव्हते, हा मोठा फायदा. पण बाहेरच्या विद्वानाच्या शब्दावर शेतकऱ्याने घरातले पैसे काढून दिले नसते. तो विश्वास विखे पाटलांचा. पुढे विखे पाटील स्वतः अध्यक्ष झाले.

येथे नेतृत्वाची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जाणकाराने शेतकऱ्याला अडाणी मानले नाही आणि शेतकऱ्याने जाणकाराला परका मानले नाही. शिवाय खुर्ची दुसऱ्याच्या हाती जाऊनही संस्था चालू राहिली. पुढारी किती मोठा होता हे त्याच्या मागे काय चालू राहते त्यावरून कळते. आयोवातल्या मुलांच्या प्रयोगाने तरी दुसरे काय सांगितले?

वारणेचे दोन धडे

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्यायचे तर वारणेचे नाव आधी येते. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणा खोऱ्यात साखर कारखाना उभा राहिला. १९५५ साली नोंदणी आणि १९५९ साली गाळप. पण कारखान्यावर ते थांबले नाहीत. १९६८ साली दूध संघ, मग ग्राहकांसाठी वारणा बझार, महिलांचा उद्योग, शाळा, १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय, एवढेच काय पण मुलांचा वाद्यवृंदसुद्धा. उसाच्या पैशावर एक पीक घेऊन थांबायचे नाही, सगळे खोरे उठवायचे, हे चित्र त्यांनी लोकांपुढे ठेवले आणि लोक त्यामागे गेले.

अमेरिकेतील अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ साली नेतृत्वावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पुढाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक देवाणघेवाणीचा: तुम्ही मला मत द्या, मी तुम्हाला ते काम करून देतो. दुसरा माणसे पालटणारा: तो लोकांना त्यांच्या आजच्या गरजेपलीकडचे काही दाखवतो आणि ते स्वतःच त्यासाठी झटू लागतात. सहकारात पहिला प्रकार रोजचाच आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. दर, तोड, उधारीचे खत ही देवाणघेवाणच आहे. पण तेवढ्यावरच संस्था चालली तर नवे काही निघत नाही.

वारणेचा दुसरा धडा पुढच्या काळातला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडायची. शेतीचा सल्ला, बाजारभाव आणि इतर अनेक प्रकारची माहिती गावातल्या केंद्रातच मिळावी, अशी मोठी कल्पना. त्या काळी अशी योजना आखणे म्हणजे धाडसच होते आणि देशभरात तिचे नाव झाले.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी ही केंद्रे पाहिली, तेव्हा असे दिसले की शेतकरी तेथे येत ते बहुतेक कारखान्याच्याच कामासाठी. उसाची नोंद, तोडीचा परवाना, वजन किती भरले, खत किती उचलले. म्हणजे मोठ्या योजनेतला नेमका जो भाग सभासदाच्या पोटाला लागून होता, तोच त्याने उचलला. मग त्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक साधा प्रयोग केला. संगणकाच्या जागी मोबाईल आणि लघुसंदेश. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि त्याला आपल्या उसाचे वजन घरबसल्या कळायचे. हे स्वस्तही पडले आणि लोकांना आवडलेही.

यातून योजना आखणारे चुकले असा अर्थ आम्ही काढत नाही. पहिले पाऊल टाकले नसते तर दुसरे सुचलेच नसते. धडा इतकाच की नव्या गोष्टीची कल्पना वरून येऊ शकते, पण तिचा खरा उपयोग कोणता हे वापरणारा ठरवतो. कारभाऱ्याने कल्पना आणल्यावर वर्षभराने गावात जाऊन "तुम्ही यातलं काय वापरता, काय नाही?" एवढे विचारले तरी निम्मा खर्च वाचतो.

शिरोळची क्षारपड

आता जे उदाहरण सांगतो ते आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण तेथे हुकूमही चालत नाही आणि मोकळीकही चालत नाही.

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी कसदार जमीन. पाणी मुबलक झाले, निचरा नाही आणि उसाला पाटाने भरपूर पाणी. होता होता पाण्याची पातळी वर आली, क्षार वर आले, पांढरी खपली धरली आणि ज्या रानात उसाला कुऱ्हाड लावावी लागे तेथे गवतही उगवेना. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याचे गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने तेथे सच्छिद्र निचरा प्रणालीचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. जमिनीखाली चार-पाच फुटांवर छिद्रे असलेले, गाळणीचे कापड गुंडाळलेले पाईप टाकायचे, ते एका मोठ्या पाईपला जोडायचे आणि खारे पाणी ओढ्या-नाल्याला काढून द्यायचे. क्षार पाण्याबरोबर धुऊन जातात, मग हिरवळीचे पीक घेऊन जमीन सावरायची आणि हळूहळू पुन्हा ऊस.

तंत्र काही गूढ नाही, जगात ते जुनेच आहे. अवघड भाग वेगळा आहे. एकट्याच्या एक एकरात पाईप टाकून भागत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानातून पुढे न्यावे लागते. मोठा पाईप दहा-वीस जणांच्या बांधाखालून जातो. म्हणजे एका पट्ट्यातील सगळ्यांची संमती हवी, सगळ्यांनी खर्चाचा वाटा उचलायला हवा, कर्जाची सोय हवी. त्यातले दोघे भाऊ कोर्टात भांडत असतील, एकाची जमीन वर असल्याने त्याला त्रास नसेल, एक पुण्याला नोकरीला असेल. अशा वेळी चेअरमनने हुकूम काढून पाईप पडत नाही. जमीन सभासदाच्या मालकीची आहे. आणि "ज्याला करायचं त्याने करावं" म्हटले तर कधीच होत नाही. बैठका घ्याव्या लागतात, आधी झालेले रान नेऊन दाखवावे लागते, नकार देणाऱ्याच्या घरी चार वेळा जावे लागते, बँकेशी बोलावे लागते. याचे नाव विचारविनिमयाचे नेतृत्व. लोकांना वाटते विचारविनिमय म्हणजे सौम्यपणा. खरे पाहता हुकूम काढायला एक दिवस पुरतो, संमती मिळवायला वर्ष जाते. अधिक कष्टाचा मार्ग हाच आहे.

आपल्या कार्यक्षेत्रातही नदीकाठच्या पाणथळ पट्ट्यात पांढरी खपली धरू लागलेली राने आहेत. तेव्हा हा प्रश्न फक्त शिरोळकरांचा आहे असे समजून चालणार नाही.

वाईट बातमी सांगण्याची सोय

नवे काही करायचे तर काही प्रयोग फसणारच. फसलेला प्रयोग वर कळतो की दडपला जातो, यावर पुढची प्रगती अवलंबून असते.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला आणि १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. औषध देण्यातल्या चुका कोणत्या गटात जास्त होतात हे पाहायचे होते. अपेक्षा अशी की चांगल्या गटात चुका कमी. आकडे निघाले उलटेच: जेथे मेळ चांगला आणि प्रमुख समजूतदार, तेथे चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या गटांत माणसे चुका उघडपणे सांगत होती. बाकीच्या गटांत भीतीपोटी लपवीत होती. जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यात तर साध्या कामगारालाही दोष दिसला की दोरी ओढून माल पुढे जाणे थांबवता येते. दोष तेथेच धरला की पुढचा खर्च वाचतो.

आपल्याकडे काय होते? एखाद्या गटात रोपांची मर जास्त झाली, हुमणी लागली, नव्या खताच्या मात्रेने काही फरक पडला नाही, असे फिल्डमनने लिहिले आणि वरून "तुझंच लक्ष नाही" असे उत्तर आले, तर पुढच्या वर्षी त्या रकान्यात 'समाधानकारक' एवढाच शब्द येईल. कागद सुंदर दिसेल, रान मात्र तसेच राहील. ही गोष्ट कोणत्याही संस्थेत घडू शकते. वाईट बातमी आणणाऱ्याला जो कारभारी खुर्ची देऊन बसवतो, त्यालाच खरी माहिती मिळते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

जातीच्या बाबतीत हा अनुभव राज्याने घेतलेला आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने दिलेली को.एम. ०२६५, म्हणजे आपली फुले २६५, ही जात २००७ साली आली. टनेज चांगले, खोडवा चांगला, क्षारयुक्त रानातही तग धरणारी. म्हणून शेतकऱ्याने ती उचलली. उतारा उशिरा येतो म्हणून काही कारखाने तिची नोंद घ्यायला नाखूष होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे. शेतकरी टन पाहत होता, कारखाना उतारा पाहत होता. अशा वेळी जेथे नुसती बंदी घातली जाते तेथे शेतकरी ऊस दुसरीकडे पाठवतो. जेथे बसून बोलणे होते तेथे मार्ग निघतो: ही जात कोणत्या रानात आणि कोणत्या महिन्यात लावायची, हंगामाच्या कोणत्या टप्प्यात तोडायची आणि तिच्या जोडीला को ८६०३२ किती ठेवायची. हंगाम आखण्याची ही कला हुकमाने येत नाही आणि दुर्लक्षानेही येत नाही.

सभासदांचे काम काय?

खासगी कंपनीत मालक वर आणि नोकर खाली. सहकारात तसे नाही. येथे एक सभासद, एक मत. पाच गुंठेवाला आणि पन्नास एकरवाला मताला सारखे. म्हणून कारभाराची रीत कशी असावी हे ठरवण्याचा अर्धा अधिकार, आणि अर्धी जबाबदारी, सभासदाची आहे. जेथे सभासद फक्त दर विचारतो, तेथे पुढारीही फक्त दरापुरता विचार करू लागतो. आम्हाला पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, नवी योजना आली की ती कोणाच्या रानात करून पाहणार, हे विचारावे. पाणी, खत, मनुष्यबळ सर्व हाताशी असलेल्या मोठ्या मळ्यातले पीक पाहून सगळ्यांना शिफारस करणे बरोबर नाही. एक एकरवाल्याच्या, शेवटच्या पाळीला पाणी येणाऱ्याच्या रानातही प्रात्यक्षिक हवे. तेथे जे टिकेल ते सगळीकडे टिकेल.

दुसरी गोष्ट, प्रात्यक्षिक फसले तरी त्याचा निकाल गट बैठकीत वाचून दाखवावा, असा आग्रह धरावा. किती खर्च, किती टन, कशाने बिघडले. फसलेल्या प्लॉटवरही शिवारफेरी काढावी. दोष सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला सभासदांनी आधार द्यावा.

तिसरी गोष्ट, तोडणी क्रम आणि काटा यांबाबत सभासदाने स्वतःसाठी सवलत मागू नये. शिस्त हवी असेल तर ती आपल्यापासून. पहाटे क्रम मोडण्यासाठी संचालकाच्या दारात उभा राहायचे आणि सभेत 'उतारा का घटला' म्हणून विचारायचे, हे दोन्ही एका तोंडाने शोभत नाही.

चौथी गोष्ट, घरातल्या स्त्रियांना आणि शिकलेल्या मुलांना गट बैठकीला आणावे. खुरपणीला, भांगलणीला रानात कोण असते? मर कोठे लागली, तण कोठे माजले, हे ज्यांना आधी दिसते त्यांचे म्हणणे ऐकले जात नसेल, तर तो विचारविनिमय अर्धाच झाला.

पाचवी गोष्ट वार्षिक सभेची. कायद्याने ती ३० सप्टेंबरपर्यंत होते. सभा अर्ध्या तासात आटोपली म्हणजे कारभार चांगला असे नव्हे, आणि गोंधळात उधळली म्हणजे लोकशाही जिवंत आहे असेही नव्हे. ऊस विकासावरचा खर्च, प्रात्यक्षिके, जमीन सुधारणा यांवर दोन नेमके प्रश्न लेखी देऊन त्यांची उत्तरे मिळवली, तर ती सभा सार्थकी लागली.

हे सगळे आताच का सांगतो? कारण शेतीत पुन्हा एक मोठी नवी लाट आली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करून दाखवले आहेत. हवामान केंद्र, जमिनीतील ओलावा सांगणारी यंत्रे आणि उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी कधी आणि किती द्यायचे, हे मोबाईलवर सांगितले जाते. ठिकठिकाणचे कारखाने त्याकडे वळू लागले आहेत. यंत्र चांगले असेल. पण "आज पाणी नको" असा संदेश आला आणि पाणीपुरवठा संस्थेची पाळी आजच असली तर सभासदाने काय करायचे? पुढची पाळी पंधरा दिवसांनी. हा प्रश्न यंत्र सोडवणार नाही. तो संस्थेची कमिटी, कारखान्याचे शेती खाते आणि बांधावरचा शेतकरी यांनी एकत्र बसूनच सोडवावा लागेल. वारणेच्या संगणकांनी आणि शिरोळच्या पाईपांनी हेच शिकवले आहे.

येत्या लागणीआधी प्रत्येक गटात शेती खात्याची बैठक व्हावी आणि तीत आमच्या बोलण्याला अर्धा तास, सभासदांच्या बोलण्याला एक तास ठेवावा, अशी आमची इच्छा आहे. आपण यावे, स्पष्ट बोलावे, न पटलेले न पटले म्हणावे. जे ठरेल त्याची नोंद वहीत होईल आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या नोंदीच्या वाचनाने होईल.

आपले,
ऊस विकास अधिकारी व सहकारी, शेती खाते